इफ-एल्सला ‘एआय’ म्हणताय? या चुका टाळा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तपासायला बसलं की हल्ली शीर्षकात ‘एआय-बेस्ड’ असतंच. कोड उघडावा तर आत इफ-एल्सची, म्हणजे ‘असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ अशा नियमांची रांग. मी एवढंच विचारतो: हा नियम तुम्ही लिहिलात, की मशीनने उदाहरणांवरून काढला? पुष्कळांची गाडी इथेच अडते.

नीट बोलतंय म्हणजे बुद्धिमान, ही जुनी फसगत. जोसेफ वायझेनबाम यांनी 1966 मध्ये एमआयटीत ‘एलायझा’ हा गप्पा मारणारा प्रोग्राम मांडला. तुमच्या वाक्यातला शब्द पकडायचा, ठरलेल्या साच्यात घालून प्रश्न म्हणून परत करायचा, बस्स. तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करायला लागले. चॅटबॉट समोर आला की मी ‘फी कधी भरायची?’च्या जागी ‘पैशे कवा द्यायचे?’ असं टाकतो; शब्द बदलताच गडबडला तर तो ठरलेले शब्दच पकडतोय असा संशय येतो. तेवढ्यावर निकाल लागत नाही, पण कोड कुठून वाचायचा ते कळतं.

उलटी चूक मला जास्त छळते: साधा नियम पुरतो तिथे मशीनला शिकवत बसायचं. एका ग्रुपने परीक्षेला कोण पात्र हे ‘प्रेडिक्ट’ करणारं मॉडेल, म्हणजे डेटावरून शिकणारा प्रोग्राम, आणलं. कॉलेजचा नियम 75 टक्के हजेरीचा, म्हणजे एका ओळीचं काम. यांनी मागच्या वर्षांचा डेटा भरून मॉडेल ट्रेन केलं आणि अचूकतेचा आकडा स्लाइडवर ठळक छापला. मी 74.6 टाकले. मॉडेल म्हणालं, पात्र! खोदून पाहिलं तर जुन्या डेटात मेडिकल सर्टिफिकेटवर सवलत मिळालेली मुलं होती आणि सर्टिफिकेटचा कॉलमच नव्हता. ‘सर, डेटा वाढवला की सुधारेल.’ कसा सुधारेल? जी माहिती दिलीच नाही ती मशीन आणणार कुठून? नियम स्पष्ट लिहिता येत असेल तर लिहा आणि मोकळे व्हा. हाताने लिहिलेला ‘ळ’ ओळखायचा नियम मात्र एकदा लिहून बघाच, मग मशीन लर्निंग कशासाठी असतं ते कळेल.

पण ‘इफ-एल्स म्हणजे एआय नव्हेच’ असंही छातीठोकपणे सांगू नका. 1970च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये झालेला ‘मायसिन’ हा प्रोग्राम जंतुसंसर्गावर सल्ला द्यायचा, तो काही शे हाती लिहिलेल्या नियमांवर. 1997 मध्ये बुद्धिबळातल्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला पटावरच्या सुमारे 20 कोटी स्थिती तपासायचा. कुठली स्थिती चांगली याचे निकष बहुतांशी माणसांनी बसवलेले. दोन्ही एआयच्या इतिहासात मानाने बसलेत. म्हणून ‘खरं एआय’ हा शब्द मी रिपोर्टमधून खोडतो आणि ‘नियम लिहिलेले’ की ‘डेटावरून शिकलेले’ ते लिहायला लावतो.

बाकी किरकोळ. रँडम फंक्शनने उत्तरं बदलली म्हणजे प्रोग्राम शिकत नाही. ज्या डेटावर ट्रेन केलं त्याच्यावरच टेस्ट करून टक्के मिरवू नका. मोठ्या मॉडेलची एपीआय, म्हणजे दुसऱ्याचं तयार मॉडेल आपल्या प्रोग्राममधून वापरायची सोय, जोडली असेल तर तसं सांगा; वापरण्यात काही गैर नाही, लपवण्यात आहे. आणि व्हिडिओ बघून एका रात्रीत मॉडेल उभं करणाऱ्यांनो, निदान डेटाची फाइल उघडून शंभरेक ओळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.