तुरीच्या मर रोगावरचे संशोधन शोधायचे कसे: विज्ञान ग्रंथालयातली पद्धत

संगणक सुरू करण्याआधी कोरा कागद घ्या. निम्मा शोध शब्दांच्या यादीतच होतो, आणि विद्यार्थी नेमकी तीच पायरी टाळतात.

मराठवाड्यातल्या तुरीच्या मर रोगाचेच उदाहरण घेऊ. इंग्रजी शोधनिबंधांत तुरीला कुणी 'पिजनपी' असा एक शब्द लिहितो, कुणी तोडून दोन, कुणी 'रेड ग्राम', कुणी 'अरहर'. शास्त्रीय नाव कजानस कजान. बुरशीचे नाव फ्युझारियम उडम. काही निबंधांत तीच बुरशी फ्युझारियम ऑक्सिस्पोरमचा उडम प्रकार म्हणून येते, तर तिच्या लैंगिक अवस्थेला जिबरेला इंडिका म्हणतात. यातले एकच नाव टाकले तर बाकीचे निबंध हाती लागत नाहीत, आणि 'या विषयावर काम झालेलेच नाही' असा चुकीचा निष्कर्ष प्रबंधात जातो. बदनापूर केंद्राच्या बीडीएन ७११ सारख्या वाणांची नावेही यादीत असू द्या.

आता जोडणी. पिकाची सगळी नावे 'ऑर'ने जोडून एका कंसात घाला, रोगाची व बुरशीची दुसऱ्या कंसात, आणि दोन्ही कंसांमध्ये 'अँड' ठेवा. दोन शब्दी नावाला अवतरणचिन्हे हवीतच. स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये शब्दाच्या मुळानंतर तारांकन (*) दिले की त्याची सगळी रूपे मिळतात. गुगल स्कॉलरमध्ये ती सोय नाही, तिथे प्रत्येक रूप वेगळे लिहावे लागते. शिवाय स्कॉलर एका शोधाचे १,००० पेक्षा जास्त निकाल दाखवत नाही आणि जास्त उद्धृत झालेले जुने निबंध वर ठेवतो. म्हणून तोच शोध वर्षाची मर्यादा घालून पुन्हा करा. प्रत्येक शोधाची तारीख, वाक्य आणि निकालांची संख्या वहीत नोंदवा, गाइड विचारतातच.

प्रबंधांसाठी बहुतेक जण फक्त शोधगंगा हे भारतीय प्रबंधांचे संकेतस्थळ उघडतात. परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणचे एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे काम मात्र कृषिकोश या कृषी संशोधनाच्या ऑनलाइन संग्रहात शोधावे लागते. तुरीवर काम करणाऱ्याने ते सोडले तर घरचेच संशोधन राहून जाईल.

निबंध सापडला पण पान पैसे मागते, तेव्हा थांबा. कार्ड काढू नका. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेखाली ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके पात्र सरकारी संस्थांना खुली आहेत. कॅम्पसच्या वाय-फायवर निबंध सहसा सरळ उघडतो. मोबाइल डेटावर उघडत नाही, कारण प्रकाशक संस्थेचा आयपी पत्ता पाहतो. गावी असाल तर इन्फेडमधून, म्हणजे कॅम्पसबाहेरून नियतकालिके उघडून देणाऱ्या सेवेतून, लॉगिन करा. खाते ग्रंथालयाकडून मंजूर करून घ्यावे लागते, म्हणून सुट्टीला जाण्याआधीच अर्ज द्या. तरीही नाही मिळाला तर ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे विस्तारक (एक्स्टेन्शन) बसवा, त्याने कायदेशीर मोफत प्रत असल्यास कळते. शेवटी डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) घेऊन ग्रंथपालांकडे जा. ग्रंथालय डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सदस्य असेल तर प्रत मागवता येते. नुसते शीर्षक देऊ नका: वर्ष, खंड, पृष्ठे लिहून दिली की काम लवकर होते.

संदर्भ झोटेरो या संदर्भ साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. मोफत जागा ३०० एमबी आहे, पीडीएफनी ती भरते. पीडीएफ स्वतःच्या डिस्कवर ठेवले तरी चालते. स्कॅन केलेल्या जुन्या पीडीएफची माहिती झोटेरो सहसा ओळखत नाही, ती हाताने भरा. आपल्याकडच्या लेखकांची नावे हमखास उलटी पडतात, आडनावाच्या जागी आद्याक्षरे येतात. प्रत्येक नोंद आत घेतल्याबरोबर तपासा. शेवटी दोनशे नोंदी दुरुस्त करणे फार जड जाते.

साम्य तपासणीचा (प्रबंधाचा मजकूर इतर लेखनाशी किती जुळतो याचा) अहवाल घेताना संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश वगळले आहेत ना, ते बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत ते वगळायचेच आहेत आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ते वगळायचे राहिले, तर प्रामाणिक प्रबंधाचाही आकडा विनाकारण वर जातो.