राज्यशासन शिकवायचं तर एका जीआरपासून सुरुवात करा

पदवीच्या पहिल्या वर्षाला महाराष्ट्राचं शासन आणि राजकारण शिकवायला नव्याने उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकांसाठी हे लिहिते आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. वर्गातली बरीच मुलं एसटीने येतात, पोलीस भरती नाहीतर एमपीएससीची पुस्तकं दप्तरात असतात. राज्यपालांचे अधिकार ती घडाघडा म्हणून दाखवतात. पण गावाकडच्या रस्त्याची डागडुजी कोणी करायची असं विचारलं, की वर्ग गप्प होतो. म्हणून राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ या क्रमाने वरून खाली येऊ नका. खालून वर चढा.

पहिल्याच तासाला एका शासन निर्णयाची म्हणजे जीआरची छापील प्रत प्रत्येक बाकावर ठेवा. मी ८ जुलै २०२४ चा उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा जीआर घेते. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पन्नास टक्क्यांऐवजी शंभर टक्के सवलत देणारा. आमच्या मुली लगेच विचारतात, "मॅडम, हे बीए-ला का नाही?" या प्रश्नाचं उत्तर तिथेच देऊन टाकू नका. हे ठरवलं कोणी, ते कागदावरूनच शोधायला लावा.

जीआर वाचायचा तो शेवटाकडून. सही एखाद्या उपसचिवाची किंवा अवर सचिवाची असते आणि तिच्या वर ओळ असते, "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". मुलं चक्रावतात. निर्णय मंत्रिमंडळाचा, नाव राज्यपालांचं आणि सही अधिकाऱ्याची, असं कसं? राज्यघटनेचा अनुच्छेद १६६ शिकवायची वेळ हीच. नाममात्र प्रमुख आणि वास्तविक प्रमुख यांतला फरक या एका ओळीतून जितका कळतो, तितका व्याख्येतून कळत नाही. मग वित्त विभागाच्या सहमतीचा उल्लेख शोधायला सांगा, खर्चाचं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातल्या ज्या खात्यातून पैसा येणार ते, शोधायला सांगा. मंत्र्याने भाषणात घोषणा करणं आणि त्या घोषणेला पैसा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे दिसतं. अर्थसंकल्पाचं प्रकरण पुढे आलं की मुलांना लेखाशीर्ष हा शब्द परका वाटत नाही.

दुसऱ्या आठवड्यात रस्ता. घरापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता प्रत्येकाने काढायचा आणि त्याचे तुकडे कोणाकडे आहेत ते लिहायचं. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा (राष्ट्रीय महामार्ग) की हिरवा (राज्य मार्ग), तेही पाहून यायचं. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांतला घोळही याच नकाशावर सुटतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सरकार कसं बनतं यावर द्या. त्यासाठी २०१९ च्या विधानसभा निवडणुकीइतकं उपयोगी उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. फळ्यावर फक्त आकडे लिहा: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, बाकीचे २९. एकूण २८८, बहुमताला १४५. वर्गाचे पाच गट करा, एका विद्यार्थिनीला राज्यपाल करा आणि विचारा, आधी कोणाला बोलवाल? भाजप-शिवसेनेच्या निवडणूकपूर्व युतीची बेरीज १६१ होते, पण युती तुटली आहे. उरलेल्या तीन मोठ्या पक्षांची १५४ होते, पण पाठिंब्याची पत्रं हातात नाहीत. मुलं भांडू दे. त्यानंतरच तारखा एकेक करून उघडा. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ ला सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी, २६ ला सर्वोच्च न्यायालयाचा दुसऱ्या दिवशी बहुमत चाचणी घेण्याचा आदेश आणि त्याच दिवशी फडणवीसांचा राजीनामा. राष्ट्रपती राजवटीचा अनुच्छेद ३५६ आणि बहुमत सभागृहातच तपासायचं असं सांगणारा १९९४ चा बोम्मई खटला आता त्यांना स्वतःहून हवा असतो.

इथे थांबू नका. २८ नोव्हेंबरला शपथ घेतलेले उद्धव ठाकरे कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. अनुच्छेद १६४(४) प्रमाणे सहा महिन्यांची मुदत, ती संपत आली तेव्हा कोरोनाची टाळेबंदी. राज्यपालांनी नियुक्त करायच्या जागेवर त्यांना घ्यावं ही मंत्रिमंडळाची शिफारस, तो निर्णय लांबला आणि शेवटी मे २०२० मध्ये ते विधान परिषदेवर बिनविरोध निवडून गेले. विधान परिषदेचे ७८ सदस्य येतात कुठून, हे एरवी कंटाळवाणं कोष्टक असतं. ३० आमदारांकडून, २२ स्थानिक संस्थांकडून, ७ पदवीधर, ७ शिक्षक, १२ राज्यपालनियुक्त. या गोष्टीनंतर मुलं ते कोष्टक जपून ठेवतात.

२०२२ ची शिवसेनेतली फूट शिकवताना माझा एक नियम कडक असतो. वर्गात सगळ्या पक्षांच्या घरातली मुलं बसलेली असतात, कोणाचे वडील सरपंच, कोणाचा काका पंचायत समितीत. गद्दार, खोके असले शब्द फळ्याजवळ येणार नाहीत. ज्याला आरोप करायचा आहे त्याने राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतला, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातला परिच्छेद सांगायचा. या फुटीवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मे २०२३ च्या निकालातला एक मुद्दा मी दोन्ही बाजूंच्या मुलांकडून वाचून घेते: प्रतोद (व्हिप) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. शिक्षकाने स्वतःचं मत वर्गात सांगू नये, असं मी मानते. मार्क शिक्षकाच्या हातात असतात, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं.

विधान परिषदेसारखं वरिष्ठ सभागृह हवंच कशाला, हा प्रश्न दरवर्षी येतो. आमच्या भागातलं उत्तर जवळच आहे. वि. स. पागे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे एकेकाळचे सभापती. रोजगार हमी योजनेची कल्पना त्यांची. राज्याने तिचा कायदा १९७७ मध्ये केला, केंद्राचा त्याच धर्तीचा कायदा २००५ मध्ये आला. राज्य म्हणजे दिल्लीची हुकूमबरदार शाखा नव्हे, हे मुलांना इथे भिडतं. तुमच्या जिल्ह्यातही असा कोणीतरी असेल, शोधा.

अधिवेशन चालू असेल तर विधानसभेचं थेट प्रक्षेपण वर्गात लावा, पण भाषणं टाळा. प्रश्नोत्तराचा तास दाखवा. मग प्रत्येकाकडून आपल्या तालुक्याबद्दल एक तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, लिहून घ्या. "रस्ते कधी सुधारणार?" हा प्रश्न परत करायचा. कोणता रस्ता, कोणत्या वर्षी निधी मंजूर झाला, काम कोणत्या टप्प्यावर आहे, असं विचारलं तरच स्वीकारायचा.

अंतर्गत परीक्षेत मी आधी न दाखवलेला एक जीआर देते आणि चार प्रश्न विचारते. विभाग कोणता, पैसा कुठून, अंमलबजावणी कोणाकडे, तक्रार करायची तर कोणाकडे. पुस्तक उघडं ठेवायला परवानगी असते.