बाबांची गाडी बंद करायची का? किल्ली लपवायच्या आधी हे करून बघा

आमच्या बाबांना, वय 74, कोथरूड, न्यूरोलॉजिस्टनी एमसीआय सांगितलं. म्हणजे माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. हा डिमेन्शिया नाही, रोजचे व्यवहार माणूस स्वतःचे स्वतः करतो, पण विसरणं वाढतं आणि काहींचं लक्ष, अंदाज, पटकन ठरवणं पण ढिलं पडतं. दादा फोनवर म्हणाला आजच किल्ली काढून घे. मी नाही घेतली, कारण नुसत्या निदानावर गाडी बंद करायची नसते, एमसीआय असलेले बरेच जण नीट चालवतात, काहींचं मात्र बिघडलेलं असतं आणि ओपीडीतल्या स्मरणशक्ती आणि लक्ष तपासणाऱ्या 30 मार्कांच्या मोका टेस्टवरून एकट्याने ते कळत नाही.

मग कसं कळतं? शेजारी बसून. दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या वेळेला, आणि तोंड बंद ठेवून. हे सगळ्यात अवघड. आमच्याकडे आई शेजारी बसून "अहो सिग्नल", "अहो डावीकडे" करायची आणि आम्हाला वाटायचं ती नेहमीसारखी सूचना देतेय, प्रत्यक्षात अर्धी गाडी तीच चालवत होती! तिला मागे बसवलं तेव्हा नळ स्टॉपला सिग्नल हिरवा होऊन मागून चार हॉर्न वाजेपर्यंत बाबा तसेच थांबून होते.

उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या गाडीचा अंदाज येतोय का, लेन धरून चालवतात का, बंपरला आणि गेटच्या खांबाला नवे ओरखडे आहेत का, हे बघा. चांदणी चौकात रॅम्प चुकला तर लगेच धरू नका, तिथे आपण पण चुकतो. चुकल्यावर काय करतात ते बघा, पुढे जाऊन वळून येतात की मधेच ब्रेक मारून रिव्हर्स घेतात. आणि ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबला किंवा रोजच्या रस्त्यावर हरवले तर मात्र चर्चा नको, गाडी त्याच दिवशी बंद.

डॉक्टरांना गाडीबद्दल आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. बी12, थायरॉईड, मोतीबिंदू, कान, आणि झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या, यातलं काही कधी कधी सापडतं आणि बऱ्याचदा सुधारताही येतं. लायसन्स व्हॅलिड आहे यावर जाऊ नका, 55 नंतर ते 5 वर्षांसाठी रिन्यू होतं, तेवढ्यात बरंच बदलतं. आणि हो, ॲक्टिव्हा पण यातच धरा, पुण्यात खरी भांडणं तिच्यावरूनच होतात.

आम्ही मधला रस्ता काढला. फक्त दिवसा, ओळखीच्या रस्त्याने, पाऊस असेल तर नाही, संध्याकाळच्या गर्दीत नाही, हायवेवरच्या अपघातांच्या नवले पुलाकडे अजिबात नाही. रेडिओ बंद, फोन आईकडे. दर 6 महिन्यांनी परत शेजारी बसायचं.

बोलणं पाहुण्यांसमोर करू नका, अपमान वाटतो. मी आधी विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठे कुठे जायचं असतं?" तर निघालं काय, बँक, मंडई आणि डेक्कनला मित्र. डेक्कन आयडियल कॉलनीहून मेट्रोने सरळ आहे, मंडईला सिव्हिल कोर्टला बदलावं लागतं म्हणून पहिले तीन वेळा मी सोबत गेले, चौथ्यांदा ते एकटे गेले आणि दोन जुड्या कोथिंबीर घेऊन आले, आईने एकच सांगितली होती.

पुढची शेजारी बसायची फेरी दिवाळीनंतर. बाबा तयार आहेत, अट एकच, आई मागेच बसणार.