टोकियोची एक दिवसाची गाईडेड टूर: या चुका टाळा

सकाळी आठ बावन्नला मामाचा फोन आला. "अगं, मी स्टेशनवर वेळेत पोचलोय, पण तू सांगितलेली लाल विटांची इमारत काही दिसत नाही. इथे वर भलंमोठं पांढरं छत आहे." मी कपाळावर हात मारला. पांढरं छत म्हणजे याएसूची बाजू. त्याची बस मारुनोउचीच्या बाजूने सुटणार होती, तीही नऊला, आणि मध्ये अख्खं टोकियो स्टेशन. बस नऊच्या ठोक्याला सुटली. मामा नऊ वाजून सहा मिनिटांनी पोचला.

मी टोकियोतल्या निशी-कासाईत राहते. घरी वर्षभर कुणी ना कुणी पाहुणा असतोच. प्रत्येकासाठी ऑफिसात रजा मागायची सोय नाही, म्हणून एक दिवस त्यांना गाईडेड टूरवर धाडून देते आणि रात्री जेवताना गाऱ्हाणी ऐकते. ऐकून ऐकून एक गोष्ट लक्षात आली. बसमध्ये बसल्यावर फारसं काही बिघडत नाही. बिघडायचं ते आदल्या रात्रीपर्यंत बिघडलेलं असतं, कधी बुकिंग करतानाच.

स्टेशनाचं नाव म्हणजे पत्ता नव्हे

'टोकियो स्टेशनला भेटा' असं वाचून निघू नका. या स्टेशनाला दोन तोंडं आहेत. पश्चिमेला मारुनोउची, म्हणजे तात्सुनो किंगो या वास्तुरचनाकाराची १९१४ सालची लाल विटांची इमारत. पूर्वेला याएसू. १९४८ पासून टोकियो दाखवणाऱ्या पिवळ्या हातो बसच्या (हातो म्हणजे पारवा) बऱ्याच सहली मारुनोउचीच्या दक्षिण दारापासून निघतात. चुकून याएसूला बाहेर पडलात तर पुन्हा तिकीट काढून आत शिरायची गरज नाही. स्टेशनाच्या उत्तर टोकाला आरपार जाणारा मोकळा रस्ता आहे. मात्र गर्दीत, हातात पिशव्या घेऊन, त्याला दहा मिनिटं धरा. शिंजुकूचं तर विचारूच नका, तिथे दोनशेहून जास्त दारं आहेत. शिबुयात लोक 'हाचिको पुतळ्यापाशी' उभे राहतात. मेलेल्या मालकाची १९३५ पर्यंत रोज वाट पाहणारा तो कुत्रा. त्याच्याभोवती कुणाची तरी वाट पाहणारी माणसं इतकी असतात, की गाईडचा झेंडा दिसत नाही.

म्हणून व्हाउचरवर जपानी लिपीत छापलेलं दाराचं नाव फोटो काढून ठेवा. वाट विचारायची वेळ आली तर तोंडाने सांगण्यापेक्षा तो फोटो दाखवा. जमलं तर आदल्या संध्याकाळी एकदा तिथपर्यंत जाऊन या. घड्याळ वीस मिनिटं पुढे धरा. "पाच मिनिटं थांबतील की, आपण पैसे भरलेत" हे इथे चालत नाही. जपानी माणूस थांबत नाही आणि त्याबद्दल रागावतही नाही. फार तर वाकून माफी मागतो आणि दार लावून घेतो.

बस सुटलीच तर? मामाला मी फोनवर तेवढंच सांगितलं: धावाधाव करू नकोस, व्हाउचरवरच्या नंबरावर फोन लाव आणि पुढचे थांबे विचार. पहिला थांबा राजवाड्यासमोर होता, दुसरा असाकुसा. टोकियोहून जेआर रेल्वेने एक स्टेशन कांदा, तिथून गिन्झा लाइनच्या मेट्रोने थेट असाकुसा. बस यायच्या आधीच हा तिथे हजर. गाईडने यादीत त्याच्या नावापुढे खूण केली आणि विषय संपला. फोन केला नसता तर तो 'आलाच नाही' असं धरलं गेलं असतं, आणि तशा वेळी पैसे परत मिळायची आशा सोडावी. एक लक्षात ठेवा: असाकुसा नावाची स्टेशनं एकाहून जास्त आहेत. गिन्झा लाइनच्या स्टेशनावर जी-१९ असा क्रमांक असतो. नावापेक्षा क्रमांक पाहायची सवय लावा.

उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी टूर नको

जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. टोकियोत सकाळचे आठ वाजतात तेव्हा तुमच्या अंगातल्या घड्याळात पहाटेचे साडेचार असतात. रात्रभर विमानात अवघडून आलेली माणसं दुसऱ्या दिवशी टूरवर गेली, की स्कायट्री या उंच मनोऱ्याच्या लिफ्टच्या रांगेत उभ्याउभ्या पेंगतात. तिसरा दिवस बरा.

ऋतूकडेही पाहा. डिसेंबरात इथे साडेचारला सूर्य मावळतो. मेजी जिंगू हे मंदिर सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताच्या सुमारास मिटतं, डिसेंबरात तर चारलाच. तेव्हा दुपारी उशिरा सुरू होणाऱ्या टूरमध्ये ते असेल तर वेळ तपासा. जुलै-ऑगस्टचा उकाडा मुंबईच्या ऑक्टोबरलाही मागे टाकतो. 'आम्ही भारतातले, आम्हाला काय उन्हाचं' म्हणणारे माझे एक काका दोन तासांत सावली शोधायला लागले होते.

'पाहणे' या शब्दाचा अर्थ

रात्रीच्या जेवणात सर्वांत जास्त चिडचिड या एका शब्दावरून होते. राजवाडा 'पाहणे' म्हणजे बहुतेक टूरमध्ये समोरच्या मैदानातून निजुबाशी पूल पाहणे, फोटो काढणे आणि परत फिरणे. आत जाता येत नाही. राजवाड्याची पूर्वेकडची बाग लोकांना खुली असते, पण सोमवारी आणि शुक्रवारी सहसा बंद. टोकियो टॉवर 'पाहणे' म्हणजे कधी बसच्या काचेतून पाहणे. जपानी कार्यक्रमपत्रिकेत याला 'शासो' असा खास शब्द आहे, म्हणजे गाडीच्या खिडकीतून दिसेल ते. १९५८ चा ३३३ मीटरचा टॉवर आणि २०१२ चा ६३४ मीटरचा स्कायट्री यांतल्या कशावर चढायचं आहे, कितव्या मजल्यापर्यंत, आणि तिकीट टूरच्या पैशांत धरलंय की वेगळं, हे तीन प्रश्न बुकिंगआधी विचारा.

त्सुकिजीबाबतही तेच. ट्यूनाचा लिलाव होत असे तो आतला घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलला. त्सुकिजीत उरला तो बाहेरचा बाजार, खाण्याच्या टपऱ्यांचा आणि सुऱ्या-भांड्यांच्या दुकानांचा. मजेदार आहे, पण तो सकाळचा. दुपारी दोन-तीनला नेणारी टूर तुम्हाला मिटलेली शटरं दाखवेल.

फुजीचं काय, असं सगळेच विचारतात. 'टोकियो आणि फुजी एकाच दिवसात' असं कुणी विकत असेल तर तिकडे वळू नका. फुजीची टूर वेगळ्या दिवशी करा, शक्यतो हिवाळ्यात, कारण उन्हाळ्यात तो डोंगर दिवसचे दिवस ढगांत बसून असतो. त्या संध्याकाळी विमान किंवा शिंकानसेनचं (बुलेट ट्रेनचं) तिकीट ठेवू नका. शनिवार-रविवारी परतीच्या हमरस्त्यावर बस तासन्‌तास अडकते, आणि तिथे गाईडही काही करू शकत नाही.

'व्हेज' म्हटलं म्हणजे झालं असं नाही

टूरमध्ये दुपारचं जेवण असेल तर हा मुद्दा दोनदा वाचा. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी. हे एक पातळसर, पारदर्शक पाणी असतं आणि बहुतेकदा कात्सुओ नावाच्या माशाच्या सुकवलेल्या पापुद्र्यांपासून करतात. मिसो सूपमध्ये ते असतं, सोबा-उदोन या नूडल्सच्या रश्श्यात असतं, भाज्यांच्या तेम्पुराबरोबर (आपल्या भज्यांसारखा प्रकार) येणाऱ्या वाटीतही असतं. ताटात मासा कुठे दिसत नाही, पण असतो! आमच्या आत्याने एकदा अख्खं सूप पिऊन "काय छान चव आहे गं, आपल्या कढणासारखी" म्हटलं होतं. ती पक्की शाकाहारी. मी गप्प बसले.

इथे 'बेजितारियन' म्हटल्यावर मांस नको एवढंच समजणारे पुष्कळ आहेत. म्हणून बुकिंग करतानाच लेखी कळवा: मांस नाही, मासे नाहीत, दाशी नाही, आणि अंडं चालतं की नाही. ऐनवेळी टेबलावर सांगितलं तर स्वयंपाकी बिचारा हतबल होतो, कारण रस्सा सकाळीच उकळलेला असतो. तरी सांगायची वेळ आलीच तर "निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देस" एवढं वाक्य पुरतं. कडक शाकाहारी असाल तर सरळ जेवणाशिवायची टूर घ्या आणि डबा बरोबर ठेवा. फक्त तो हॉटेलात टेबलावर उघडू नका, ते असभ्य समजतात. बागेतला बाक चालतो, बसमध्ये आधी गाईडला विचारा. माझ्याकडून निघणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी असते. चटणीचा डबा मात्र घट्ट झाकणाचा हवा, हे बसमधल्या शेजाऱ्यांसाठी.

असाकुसातली पंचेचाळीस मिनिटं

सेन्सोजी देवळाला टूरमध्ये साधारण एवढाच वेळ मिळतो. कामिनारिमोन दारातला लाल कंदील सुमारे ७०० किलोचा, त्याच्याखाली सेल्फीत दहा मिनिटं जातात. मग नाकामिसे, म्हणजे अडीचशे मीटरची दुकानांची रांग. पंखे, किमोनो, आतून गोड भरलेले केक. इथे पाय रेंगाळतात, आणि मुख्य देवळाच्या पायऱ्या दिसतात तोवर गाईडचा झेंडा वर झालेला असतो. उलट करा: आधी तडक देवळात जा, खरेदी परतताना. खायचं घेतलंत तर दुकानासमोर उभं राहूनच संपवा, चालता चालता खाऊ नका. कचराकुंडी शोधू नका, जवळपास नसते. कागद, काड्या, पाण्याची बाटली, सगळं टाकायला एक पिशवी आपल्याजवळच ठेवा.

तिथे शंभर येन टाकून चिठ्ठी काढता येते. धातूचा डबा हलवायचा, छिद्रातून काडी बाहेर येते, तिच्यावरच्या आकड्याचा खण उघडायचा. सेन्सोजीत वाईट चिठ्ठी बऱ्यापैकी निघते. आत्याला निघाली तेव्हा ती तिथूनच मला व्हिडिओ कॉल करत होती. "आता गं? शांत करावी लागेल का?" काही करावं लागत नाही. बाजूच्या दांडीला चिठ्ठी बांधायची आणि वाईट तिथेच सोडून यायचं. आणि हो, टाळ्या वाजवू नका. दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं ही मेजी जिंगूसारख्या शिंतो मंदिराची रीत. सेन्सोजी बौद्ध, तिथे नुसते हात जोडायचे, आपल्यासारखेच.

उतरताना बसचा आणि तिच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, सुटायची वेळ हातावर लिहिली तरी चालेल. बस देवळाच्या दारात उभी नसते.

किरकोळ, पण अडवणारं

चालत आणि रेल्वेने फिरवणारी टूर असेल तर सुइका कार्ड (रेल्वेच्या गेटवर टेकवायचं, पैसे भरून वापरायचं कार्ड) माणशी एक हवं. नवरा-बायको एकाच कार्डावर गेटमधून जाऊ शकत नाहीत. पासपोर्ट खोलीत ठेवू नका, पर्यटकाने तो जवळ बाळगणं इथे कायद्याने सक्तीचं आहे आणि झेरॉक्स चालत नाही. गाईडला टिप देऊ नका, अवघडल्यासारखं होतं. नीट वाकून आभार मानलेत की पुरे. छत्री बसमध्ये राहिली तर लगेच कळवा, बहुधा मिळते.

शेवटी टूर असाकुसातच संपत असेल तर गाईडचा निरोप घेऊन दहा-बारा मिनिटं ईशान्येला चाला, सुमिदा नदीच्या कडेकडेने. मात्सुचियामा शोदेन नावाचं छोटं देऊळ टेकडावर आहे. टूरवाले नेत नाहीत. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपतीच, जपानी वेशातला. मूर्ती दाखवत नाहीत, ती पडद्याआड. नैवेद्य मोदकाचा नाही, मुळ्याचा, आणि मुळा देवळातच विकत मिळतो. भिंतीवर, पायऱ्यांवर, दिव्यांवर एकमेकांना बिलगलेले दोन मुळे कोरलेत. दाखवून झालेले मुळे प्रसाद म्हणून लोकांना घेऊन जाता येतात. आत्याने एक उचलला, ट्रेनमध्ये मांडीवर ठेवून निशी-कासाईला आणला, आणि रात्री त्याचा चटका केला.