ओळखसूची वापरायला शिकताना: नवीन विद्यार्थ्यांसाठी

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेऊन खानापूर, जांबोटीकडून बेळगावात येणाऱ्या मुलामुलींना माझे पहिले सांगणे असे, की ओळखसूचीचा, म्हणजे लक्षणांवरून झाडाचे नाव शोधून देणाऱ्या ज्या सूचीला आपण नुसते ‘की’ म्हणतो तिचा, सराव अनोळखी झाडावर करू नये. ज्याचे नाव घरातच ऐकले आहे, त्या झाडावर करावा. उत्तर आधीच ठाऊक असले की वाट नेमकी कोणत्या पायरीवर चुकली, ते लगेच कळते.

सूचीत प्रत्येक पायरीवर परस्परविरोधी लक्षणांची दोन विधाने असतात आणि त्यांतले लागू पडणारे विधान पुढच्या क्रमांकाकडे किंवा थेट नावाकडे नेते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७७८ मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींसाठी हीच पद्धत वापरली होती.

कुड्याचेच घ्या. पांढरा कुडा आणि काळा कुडा या दोघांचीही पाने समोरासमोर, दोघांनाही चीक, फुले पांढरी आणि शेंगा जोडीने. त्यामुळे पानांवरून निर्णय देण्याचा मोह होतो. सूची मात्र फुलाच्या आत पाहायला लावते. भिंगाखाली काळ्या कुड्याच्या फुलात पाकळ्या जुळून झालेल्या नळीच्या तोंडाशी झालर दिसते आणि परागकोश एकत्र येऊन बाहेर डोकावतात. पांढऱ्या कुड्यात झालर नसते आणि परागकोश नळीतच राहतात. फुलांचा हंगाम सरला असेल तर बी पाहावे: पांढऱ्या कुड्याच्या बीला केसांचा झुपका वरच्या टोकाला असतो, काळ्याच्या बीला खालच्या. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की पुस्तकातल्या इंग्रजी संज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत. वहीत चित्र काढून शेजारी संज्ञा लिहिणे पुरते.

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ (१९०१–१९०८) आपल्याला आजही उपयोगी पडतो, कारण तेव्हा बेळगाव त्याच इलाख्यात होते. त्यातली काही नावे मात्र बदलली आहेत. पांढऱ्या कुड्याचे ‘होलऱ्हेना अँटिडिसेंटेरिका’ आता ‘होलऱ्हेना प्युबेसेन्स’ झाले आहे. शिवाय ग्रंथात नसलेली, अलीकडे बाहेरून आलेली झाडे त्यातल्या सूचीने ओळखायला घेतली, तर ती हमखास भलत्याच नावापाशी नेऊन सोडते.

खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय फांदी तोडू नये. पानांची जोडणी, पानाची मागची बाजू आणि फुलाचा आतला भाग यांची छायाचित्रे घ्यावीत. दोन्ही विधाने लागू वाटली तर दोन्ही वाटा शेवटपर्यंत तपासाव्यात. मिळालेले नाव ग्रंथातल्या सविस्तर वर्णनाशी व महाविद्यालयातल्या वाळवलेल्या नमुन्याशी पडताळावे, आणि जुळत नसेल तर चिठ्ठीवर फक्त कुळाचे (फॅमिलीचे) नाव लिहून पुढच्या हंगामापर्यंत थांबावे.