हरणाच्या शिकारीसाठी रायफलचे काडतूस कसे निवडावे

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे. म्हणून हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या हंगामात परवाना काढून रीतसर शिकारीला जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. तिथले मुख्य सावज म्हणजे व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटीचे हरीण. टेक्सासमधली मादी ४०-४५ किलोंची असते, तर विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडचा पूर्ण वाढलेला नर १०० किलोंच्या पुढे जातो. टेक्सासच्या हिल कंट्रीत आपले चितळही आहे. १९३०च्या दशकात ते तिथे नेऊन सोडले गेले आणि चांगलेच फोफावले. तिथे ते परदेशी प्राणी मानले जात असल्याने त्याला बंद हंगाम नाही, शिकारीचा परवाना मात्र लागतो. पुढचे सगळे चितळालाही लागू पडते.

हरणाचे हृदय आणि फुफ्फुसे मिळून जे मर्मस्थान होते, ते बाजूने पाहिले तर साधारण ८ इंच व्यासाचे असते. तिथे पोहोचून, फुलून, दोन्ही फुफ्फुसे भेदणारी गोळी हरणाला काही सेकंदांत खाली आणते. हे काम करणारी काडतुसे शंभराहून अधिक वर्षे बाजारात आहेत, त्यामुळे सर्वांत ताकदवान कोणते या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. कायद्यात बसणारी आणि तुमच्या अंतराला पुरेशी पडणारी जी काडतुसे आहेत, त्यांतले कोणते तुम्ही न दचकता झाडू शकता, हे शोधायचे आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. काडतूस म्हणजे पितळी केस, बुडाशी प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी हा काडतुसाचा एक भाग झाला. तिचे वजन ग्रेनमध्ये मोजतात, ७,००० ग्रेन म्हणजे एक पाउंड. १५० ग्रेनची गोळी पावणेदहा ग्रॅमच्या आसपास भरते. काडतुसांच्या नावांना एकच नियम नाही. .३०-०६ स्प्रिंगफील्डमधला ०६ हा १९०६ सालचा, तर .३०-३० विंचेस्टरमधला दुसरा ३० मूळच्या दारूच्या वजनाचा. .२७० विंचेस्टरची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंचाची असते. .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ या दोन्हींची गोळी .३०८ इंचाचीच, पण केसची लांबी वेगळी. म्हणून नावावरून अंदाज बांधू नका. रायफलच्या नळीवर कोरलेले नाव आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का अक्षरश: जुळला पाहिजे. चुकीचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या जागेत, बसले, म्हणजे चालेल, असे नाही. .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३च्या रायफलमध्ये बसू शकते, पण झाडल्यावर जाड गोळी अरुंद नळीत अडकते आणि रायफल फुटते. या दोन्ही रायफली घरात असतील तर त्यांची काडतुसे आणि मॅगझिन कायम वेगवेगळी ठेवा.

पायरी १: कायदा काय म्हणतो ते पाहा

सुरुवात स्वतःच्या पात्रतेपासून करा. एच-१बी किंवा एफ-१सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना अमेरिकी संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगायला मनाई आहे. कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असणे हा त्याला एक अपवाद आहे. परवान्याची मुदत संपली की त्याच्या आधारावर मिळणारी सूटही संपते, आणि मग कपाटात पडलेले काडतुसांचे खोकेसुद्धा अडचणीत आणू शकते. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. बहुतेक राज्यांत परवान्याआधी शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो नुसता उरकू नका, मन लावून करा.

मग राज्याचे नियम. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ इंचाची, ७० ग्रेन वजनाची, फुलणारी गोळी लागते आणि १०० यार्डांवर तिच्यात १,००० फूट-पाउंड (ऊर्जा मोजायचे एकक) ऊर्जा असावी लागते. म्हणजे .२४३ विंचेस्टर चालते, .२२३ रेमिंग्टन चालत नाही. टेक्सासमध्ये कुठलेही सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध प्रायमर असलेले, काडतूस चालते, पण रिमफायर, म्हणजे नेहमीचे पॉइंट टू-टू, चालत नाही. ओहायोत रायफल वापरायची तर सरळ भिंतीच्या (तोंडाशी अरुंद न होणाऱ्या) केसचेच काडतूस लागते, .३५० लेजंड किंवा .४५० बुशमास्टरसारखे. सपाट, वस्तीच्या मुलखात गोळी फार दूर जाऊ नये, हा त्यामागचा विचार. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीत शिशाची गोळी चालत नाही, तांब्याची किंवा दुसरी शिसेविरहित गोळी लागते. हे नियम बदलत असतात, म्हणून राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचूनच खरेदीला जा.

पायरी २: खरे अंतर मोजा

पेनसिल्व्हेनिया किंवा मिशिगनच्या जंगलात बहुतेक हरणे १०० यार्डांच्या आतच दिसतात. वायोमिंगच्या उघड्या माळावर २०० ते ३०० यार्डांची वेळ येते. जिथे बसणार आहात तिथे लेझर रेंजफाइंडर घेऊन जा आणि झाड, कुंपण, ओढ्याचा काठ अशा पाच-सहा खुणांची अंतरे लिहून ठेवा. डोळ्यांचा अंदाज उघड्या मैदानात हमखास चुकतो.

हरणाला गोळी लागताना तिच्यात १,००० फूट-पाउंड ऊर्जा असावी, असा एक जुना ठोकताळा आहे. हा निसर्गनियम नाही, पण तुलनेला बरा पडतो. .३०-३०ची १५० ग्रेनची गोळी नळीतून साधारण २,३९० फूट प्रति सेकंद वेगाने निघते आणि १५० यार्डांपर्यंत हा ठोकताळा पाळते. २०० यार्डांवर ती त्याच्या खाली जाते, आणि १०० यार्डांवर नेम जुळवलेला असेल तर तिथे ती सुमारे ८ इंच खालीही पडते. जंगलासाठी हे उत्तम काडतूस आहे, माळरानासाठी नाही. .२४३ची १०० ग्रेनची गोळी २,९६० फुटांच्या वेगाने निघून ३०० यार्डांवरही हजाराच्या किंचित वर राहते. .३०८ची १५० ग्रेनची आणि .२७०ची १३० ग्रेनची गोळी तिथे आरामात त्याच्या पुढे असतात. २०० यार्डांवर नेम जुळवला तर ३०० यार्डांवर .२७० सुमारे ६ ते ७ इंच खाली उतरते, .३०८ साधारण ८ ते ९ इंच. हा फरक खरा आहे, पण दुकानात वा चर्चेत त्याला जितके महत्त्व दिले जाते, तितका मोठा नक्कीच नाही.

पायरी ३: धक्का किती सोसतो ते प्रामाणिकपणे तपासा

धक्का म्हणजे गोळी सुटताना रायफल खांद्यावर मागे आदळते तो झटका. बहुतेकांची चूक इथे होते. ८ पाउंडांच्या रायफलीत .२४३चा धक्का ९-१० फूट-पाउंड असतो, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ यांचा १२-१३च्या आसपास, .३०८ आणि .२७०चा १६-१७, .३०-०६चा १८ ते २०, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचे, ताकदवान काडतूस) २५च्या पुढे. रायफल हलकी असेल तर हे आकडे वाढतात. डोंगरात वाहायला सोपी म्हणून घेतलेली ६ पाउंडांची .३०-०६ खांद्याला चांगलीच झोंबते.

धक्क्याची भीती बसली की माणूस घोडा ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो आणि नळी खाली जाते. गोळी पोटात लागते. पोटात लागलेले हरीण तासन्‌तास तडफडते आणि अनेकदा सापडतही नाही. .२४३ने फुफ्फुसात लागलेली गोळी .३०० मॅग्नमने पोटात लागलेल्या गोळीपेक्षा कितीतरी चांगली. म्हणून नवख्या, सडपातळ किंवा कमी सराव असलेल्या माणसाला आम्ही मॅग्नम सुचवत नाही. हरणासाठी त्याची गरजच नसते, आणि जवळून खांद्यात लागली तर बरेच मांस रक्ताळून वाया जाते. नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक लावून धक्का कमी होतो, पण आवाज भयंकर वाढतो. कानरक्षण तर ब्रेक असो वा नसो, हवेच.

तपासणी सोपी आहे. रेंजवर सोबत्याला तुमच्या नकळत रायफलीत कधी खरे, कधी नकली काडतूस भरायला सांगा. नकलीवर नुसता 'टक्' झाला आणि नळी खाली डुचकली, तर तुम्ही दचकत आहात. महिनाभर .२२ रिमफायरवर सराव करून पुन्हा पाहा. तरीही डुचकत असेल तर एक पायरी हलके काडतूस घ्या.

पायरी ४: गोळीची बांधणी निवडा

काडतुसाच्या नावावर वाद घालणारे अनेक जण दुकानात गोळीकडे पाहतही नाहीत. वास्तविक खोक्यावरचा हा तपशील नावाहून मोलाचा आहे. पूर्ण धातूच्या आवरणाची, सैनिकी पद्धतीची गोळी शिकारीला चालत नाही. ती न फुलता बारीक भोक पाडून आरपार जाते, आणि अनेक ठिकाणी तिला बंदीच आहे. कोल्ह्या-सशांसाठीची व्हार्मिंट गोळी उलट दोष दाखवते, कातडीखालीच फुटून विखुरते आणि फुफ्फुसापर्यंत पोहोचत नाही. निशाणेबाजीची मॅच गोळी अचूक असली तरी हाडावर कशी वागेल याचा भरवसा नसतो.

हरणासाठी साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाशी शिसे उघडे असलेली गोळी, बहुतेक वेळा पुरते, आणि ती स्वस्तही असते. वेगवान काडतूस आणि जवळचे अंतर असा मेळ असेल तर बाँडेड गोळी घ्या. तिचे शिसे आवरणाला चिकटवलेले असते, म्हणून खांद्याच्या हाडावर आदळूनही तुकडे होत नाहीत. संपूर्ण तांब्याची गोळी खोल जाते आणि मांसात शिशाचे कण सोडत नाही, पण तिला फुलायला वेग लागतो. लागण्याच्या क्षणी बहुधा १,८०० ते २,००० फूट प्रति सेकंद तरी हवा, नेमका आकडा निर्मात्याच्या माहितीत पाहा. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून तांब्यात एक वजन खाली उतरा, .३०८मध्ये १५०ऐवजी १३०. वेगही मिळतो आणि नळीच्या आट्यांना (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चरांना) ती नीट स्थिरही करता येते.

नेहमीची वजने अशी: .२४३ला ९० ते १००, ६.५ क्रीडमूरला १२० ते १४३, .२७०ला १३०, ७ एमएम-०८ला १४०, .३०८ आणि .३०-०६ला १५० ते १६५, .३०-३०ला १५० ते १७० ग्रेन. .३०-३०च्या लिव्हर रायफलीत नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक बसतात. तिथे टोकदार कडक गोळी कधीही भरू नका. धक्क्याने तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर आपटून ते आतच उडू शकते. चपट्या टोकाची किंवा याच कामासाठी बनवलेली लवचीक टोकाची गोळीच वापरा.

गोळी दुसऱ्या बाजूने बाहेर पडणे चांगले. फुफ्फुसात लागलेले हरीणही अनेकदा ५०-१०० यार्ड पळते, आणि बाहेर पडण्याच्या जखमेतून सांडलेले रक्तच झाडीत त्याचा माग दाखवते.

पायरी ५: मिळते काय, ते पाहून ठरवा

पहिलीच रायफल घेणाऱ्याला आमचा सल्ला ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर किंवा .३०८ यांतले एक घेण्याचा. ७ एमएम-०८ आणि .२४३ हे दोघेही .३०८च्याच केसचे तोंड अरुंद करून बनवलेले आहेत. तिघांत ७ एमएम-०८चा मेळ हरणासाठी सर्वांत गोड, पण लहान गावच्या दुकानात त्याची खोकी क्वचित दिसतात. .३०८ सगळीकडे मिळते आणि प्रकारही भरपूर. .२४३ धक्क्याला हळवे असणाऱ्यांसाठी छान, फक्त गोळी भक्कम बांधणीची घ्यावी आणि तिरप्या उभ्या हरणावर मोह आवरावा. आजोबांची .३०-०६ किंवा .२७० घरात आयती असेल तर नवी रायफल घ्यायची काहीच गरज नाही.

पायरी ६: कागदावर सिद्ध करा

तीन वेगवेगळ्या प्रकारांचे एकेक खोके घ्या, खोक्यात सहसा २० काडतुसे असतात. एकाच रायफलीला एक प्रकार मानवतो, दुसरा मानवत नाही. २५ यार्डांपासून सुरुवात करा. स्कोपच्या (रायफलीवरच्या दुर्बिणीच्या) नेम जुळवणाऱ्या चकतीची एक टिचकी १०० यार्डांवर पाव इंच सरकवत असेल तर २५ यार्डांवर ती फक्त एक षोडशांश इंच सरकवते, म्हणून तिथे चौपट टिचक्या लागतात. मग १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे गट झाडा आणि मधे नळी गार होऊ द्या. तापलेल्या बारीक नळीतून गट हळूहळू सरकतो आणि माणूस उगाच स्कोप फिरवत बसतो. दीड इंचात तीन गोळ्या बसल्या तर हरणासाठी पुष्कळ झाले.

आता बाक सोडा. ८ इंचांचे वर्तुळ लावून गुडघ्यावर बसून, काठीच्या आधाराने, झाडाला टेकून पाच गोळ्या झाडा. ज्या अंतरावर पाचही आत बसतात, ते तुमचे कमाल अंतर, मग काडतूस कितीही पल्ल्याचे असो.

जो प्रकार जमला त्याची त्याच लॉट क्रमांकाची तीन-चार खोकी एकदमच घ्या. दुसऱ्या वजनाची किंवा दुसऱ्या निर्मात्याची गोळी १०० यार्डांवर दोन-तीन इंच इकडेतिकडे जाऊ शकते. शिकारीच्या ठिकाणी गाडीने किंवा विमानाने पोहोचलात की हंगामाच्या आदल्या दिवशी थंड नळीतून एक गोळी कागदावर झाडून पाहा. प्रवासात स्कोप हलला असेल तर तिथेच कळेल.