उठावाच्या अक्षरांच्या पाटीसाठी लाकूड कसे निवडावे

लाकडी पाटीवर अक्षरे दोन प्रकारे कोरता येतात. एका प्रकारात अक्षर फळीत खोल उतरते. दुसऱ्या, म्हणजे उठावाच्या प्रकारात अक्षराभोवतीची जमीन (मोकळा पृष्ठभाग) तासून खाली नेली जाते आणि अक्षर उंच उभे राहते. पहिल्या प्रकारात अक्षराच्या कडांना चहूबाजूंनी लाकडाचा आधार मिळत असल्याने साधारण फळीही निभावून जाते. उठावाच्या अक्षराला मात्र केवळ तळाचा आधार असतो, आणि त्याच्या कडांवर पाऊस, ऊन व येता-जाता लागणारे धक्के थेट बसतात. त्यामुळे आधी अक्षरे निश्चित करावीत आणि मगच फळी शोधावी, हा क्रम मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो.

आडव्या पाटीत लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेने, म्हणजे आडवे धावतात. देवनागरीची शिरोरेघ त्याच दिशेने जात असल्यामुळे ती मजबूत राहते. परंतु काना, वेलांटीचा दांडा आणि अक्षरांचे उभे दंड रेष्यांना आडवे जातात. उभा दंड ६ मिलिमीटर रुंद असेल, तर त्यातील प्रत्येक रेषा केवळ ६ मिलिमीटर लांबीचा उरतो आणि बाजूने धक्का बसताच त्या दंडाची ढलपी तळापासून सुटू शकते. सर्वांत नाजूक असतो अनुस्वार, कारण तो एकटाच उभा असतो आणि त्यातील सगळेच रेषे आखूड असतात. याउलट शिरोरेघेच्या कडेने पटाशी जोरात ठोकली, तर ती पाचरीसारखे काम करते आणि फळी रेष्यांच्या दिशेने लांबवर चिरत जाते. म्हणून बारीक, एकसारख्या आणि सरळ रेष्यांचे लाकूडच घ्यावे, आणि अक्षराचा कोणताही भाग त्याच्या उठावाच्या उंचीपेक्षा अरुंद ठेवू नये. अक्षराच्या बाजू तळाकडे किंचित पसरट उतरत्या ठेवल्यास पायाला बळकटी येते.

उघड्यावर लावायच्या पाटीसाठी सागाचा गाभा ही माझी पहिली निवड असते. त्यातील नैसर्गिक तेलामुळे तो कुजण्याला आणि वाळवीला चांगला तोंड देतो व फारसा पिळत नाही. मात्र सागात वाळूसारखे सूक्ष्म सिलिकाकण असल्यामुळे पटाशीची धार लवकर बोथट होते, हे गृहीत धरून धार लावण्याचा दगड जवळच ठेवावा. खोडाच्या बाहेरच्या बाजूचे फिकट लाकूड कोणत्याही जातीचे असले तरी बाहेर टिकत नाही. सागवानाच्या नावाखाली असा फिकट पट्टा असलेली फळी घेऊ नये. खरी महोगनीही उत्तम, पण तिच्या काही फळ्यांत रेषे एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे जमीन साफ करताना लाकूड उपटले जाते. देवदार हलका व टिकाऊ असतो, पण मऊ असल्याने बारीक अक्षरांना तो मानवत नाही. शिवण किंवा बासवुड कोरायला सोपे असते, म्हणून घरातील पाटीसाठी ते चालते. चीड टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या वलयांत एक पट्टा मऊ आणि लगेच पुढचा कठीण असल्यामुळे मऊ भाग पटाशीखाली दबतो आणि अक्षराची कड ओबडधोबड होते. ओक वापरल्यास लोखंडी खिळे वापरू नयेत, कारण त्यातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ओलाव्यात काळे डाग पडतात. प्लायवुडचे थर कोरताना उघडे पडतात, तर एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) पाण्याने फुगते.

फळी वाळलेली आहे याची खात्री करण्यासाठी तिचे वजन नोंदवून ठेवावे आणि आठवड्याने पुन्हा करावे. वजन घटत असेल तर ती अजून वाळत आहे. ओलावा बदलला की लाकूड रुंदीत हलते, म्हणजे फुगते-आकसते, लांबीत जवळजवळ नाही. ३० सेंटिमीटर रुंदीची सागाची आडव्या चिरेची (टोकाला वलये पृष्ठभागाला जवळपास समांतर दिसणारी) फळी ओलावा ४ टक्क्यांनी बदलल्यास सुमारे २ मिलिमीटरने कमी-जास्त होऊ शकते. फळीच्या टोकाला वलये पृष्ठभागाशी जवळपास काटकोनात उभी दिसत असतील, तर हे हलणे साधारण निम्म्यावर येते आणि फळी वाटीसारखी वाकतही नाही. अशी रुंद फळी न मिळाल्यास अरुंद पट्ट्या जोडाव्यात, पण सांधा दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत येईल अशी आखणी करावी. साग चिकटवण्यापूर्वी जोडाच्या कडा थिनरने पुसून लगेच सरस लावावा, अन्यथा त्यातील तेलामुळे जोड सुटतो.

जाडीत काटकसर करू नये. उठाव ८ मिलिमीटरचा असेल, तर फळी किमान २५ ते ३० मिलिमीटर जाड असावी, कारण एकाच बाजूने लाकूड काढल्यावर पातळ फळी वाकते.

लाकडाच्या रंगाकडे व नक्षीकडे शेवटी पाहावे. पाटी रंगवायची असल्यास नक्षीला महत्त्वच उरत नाही. नैसर्गिक रंगच ठेवायचा असल्यास ठळक नक्षीची फळी नाकारावी, कारण तिच्या गडद रेघांत अक्षरांच्या कडा हरवतात आणि दुरून वाचता येत नाही.

फळी पसंत पडली, तरी पूर्ण काम सुरू करण्यापूर्वी तिच्याच कापलेल्या तुकड्यावर मजकुरातील सर्वांत अवघड अक्षर प्रत्यक्ष मापाचे आणि अनुस्वारासह कोरून पाहावे. अनुस्वाराची कड अंगठ्याने दाबल्यावर तुटली, तर अक्षराचे वळण जाड करावे किंवा दुसरी फळी शोधावी.